आवाज बसला म्हणून गेले, हृदयाचे वरचे कप्पे वाढलेले निघाले

टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला, त्यात ‘एलए डायलेटेड’ (हृदयाचा डावा वरचा कप्पा वाढलेला) किंवा ‘दोन्ही एट्रिया वाढलेल्या’ (दोन्ही वरचे कप्पे वाढलेले) असं वाचलं आणि झोप उडाली, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात एका गावी अंगणवाडी सेविका आहे. जे माझ्या अंगावरून गेलं आणि त्या काळात डॉक्टरांकडून, सिस्टरांकडून, वॉर्डातल्या सोबतिणींकडून जे समजत गेलं, ते सांगते. त्यातली महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते. कप्पा आपोआप वाढत नाही, कुठलातरी दुसरा आजार त्याला वाढवतो. म्हणून ‘किती वाढला’ हे विचारण्याआधी ‘कशानं वाढला’ हे विचारा. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे उपचार ठरतात.

माझ्या बाबतीत सुरुवात आवाजापासून झाली. अंगणवाडीत दिवसभर बोलावंच लागतं. गाणी, गोष्टी, खिचडीच्या वेळी लेकरांना रांगेत बसवणं. त्या पावसाळ्यात गळा बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. सर्दी गेली पण आवाज परतला नाही, उलट पोकळ, हवा सुटल्यासारखा होत गेला. सासूबाई म्हणायच्या, “दिवसभर लेकरायवर ओरडतं, गळा बसन नाही त काय होईन?” एका दवाखान्यात अँटिबायोटिक दिलं, दुसरीकडे पित्ताच्या गोळ्या दिल्या. दमही लागायचा. विहिरीवरून भरलेली घागर आणताना मध्ये एकदा टेकावं लागायचं. पण त्याचं खापर रक्त कमी असण्यावर फुटलेलं होतं आणि लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. धाकट्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात रात्री उठून बसावं लागत होतं, तेव्हाही “बाळ मोठं आहे, दम लागणारच” असंच सांगितलं गेलं होतं.

शेवटी यवतमाळला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. गाठ नव्हती, सूज नव्हती, पण डावी स्वरतार हलतच नव्हती. मग त्यांनी जे प्रश्न विचारले त्यानं मी चक्रावले. चढ चढताना दम लागतो का? झोपताना उशी उंच लागते का? छातीत धडधडतं का? घशाचा डॉक्टर हे का विचारतो आहे, मला कळेना. त्यांनीच कागदावर काढून दाखवलं. डाव्या स्वरतारेची नस मेंदूकडून सरळ घशात येत नाही. ती छातीत खाली उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर घशाकडे येते. उजव्या बाजूची नस इतकी खाली जात नाही. त्यामुळे डावी तार एकटीच बंद पडली तर छातीत काय चाललं आहे ते पाहावंच लागतं. हृदयाचा डावा वरचा कप्पा वाढला आणि त्याच्या दाबानं फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी फुगली, की ही नस मध्ये चेपली जाते. ऑस्ट्रियातल्या नॉर्बर्ट ऑर्टनर नावाच्या डॉक्टरांनी १८९७ सालीच हे लिहून ठेवलेलं आहे. असे रुग्ण थोडेच असतात. माझ्या नशिबानं मला हे माहीत असलेला डॉक्टर भेटला, आणि त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

छातीचा फोटो त्याच दिवशी काढला. फोटोत हृदयाची सावली मोठी होतीच, पण उजव्या कडेला सावलीच्या आत आणखी एक गोल सावली दिसत होती. तो मागच्या बाजूला फुगलेला डावा वरचा कप्पा. श्वासनळीच्या दोन फांद्याही त्यानं खालून ढकलून फाकवलेल्या होत्या. ईसीजीत ठोके एका लयीत नव्हते. डॉक्टर म्हणाले, “आता घशाचं राहू द्या, हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, आणि हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका.”

आमच्या भागातून सेवाग्राम सोयीचं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे मेडिकल कॉलेज सुरू केलं, ते खेड्यातल्या माणसांचा विचार करूनच. आजही तिथल्या व्हरांड्यात आमच्यासारखीच माणसं दिसतात, धोतर-टोपीतले म्हातारे, डब्यात भाकरी-झुणका बांधून आणलेल्या बाया. इको करणाऱ्या मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. हृदयाचे चार कप्पे असतात, वर दोन, खाली दोन. वरचे कप्पे आलेलं रक्त घेतात आणि खालच्यांना देतात. खालचे ते जोरानं पुढे ढकलतात. माझा डावा वरचा कप्पा ५.४ सेंटिमीटर भरला. बायकांमध्ये तो साधारण ३.८ पर्यंत असतो. उजवा वरचाही वाढलेला होता, पण त्याच्याहून कमी. आणि डाव्या दोन कप्प्यांच्या मधली द्विदल झडप, जिचं तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं, ती माझी ०.९ एवढीच उघडत होती.

घरी आमच्या ह्यांना हे मी जिनिंगवरून समजावलं. हंगामात कापसाच्या गाड्या आवारात येतात आणि आतल्या फाटकातून काट्यावर जातात. ते आतलं फाटक हातभरच उघडलं, तर आधी आवार खच्चून भरतं आणि मग गाड्यांची रांग बाहेर रस्त्यावर लागते. वरचा कप्पा म्हणजे ते आवार आणि फुप्फुसं म्हणजे रस्ता. खालच्या डाव्या कप्प्याची भिंत सेंटिमीटरभर जाड स्नायूची असते. वरच्या कप्प्याची भिंत फक्त दोन-तीन मिलिमीटरची असते. दाब वाढला की ती ताणत जाते, वर्षानुवर्षं. दाब आणखी मागे गेला की फुप्फुसात पाणी झिरपतं, म्हणून दम आणि म्हणून उंच उशी. तो त्याहून मागे गेला की उजवी बाजूही थकते आणि उजवा वरचा कप्पा ताणतो. माझे दोन्ही कप्पे वाढले त्याची साखळी ही अशी होती. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि एवढं सगळं त्याच अरुंद तोंडातून जायचं असतं. सातव्या महिन्यातल्या त्या रात्रींचं कारण मला त्या दिवशी कळलं.

मला भरती केलं. आणि मग ‘कशानं’ हा प्रश्न माझ्यापुरता राहिला नाही, कारण वॉर्डात शेजारच्या खाटांवर तोच शब्द वेगवेगळ्या रिपोर्टवर लिहिलेला होता आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं होतं.

माझ्या डाव्या हाताला हिंगणघाटकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या झडपा धडधाकट होत्या. बीपी मात्र कित्येक वर्षांचा, आणि गोळी डोकं दुखलं तरच घ्यायची असा त्यांचा नेम. जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून खालचा डावा कप्पा जाड आणि कडक होतो, सैल पडून भरून घेत नाही. मग वरच्या कप्प्याला जोर करून त्यात रक्त भरावं लागतं आणि तो ताणतो. डॉक्टर म्हणाले, डावा वरचा कप्पा वाढण्यात बीपीचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचा छातीत काही पत्ता लागत नाही. आजींना कधीच काही दुखलं नव्हतं. मी गावात आल्यावर आशाताईंना सोबत घेऊन चाळिशीपुढच्या बायांचं बीपी मोजायला लागले, ते या आजींमुळे.

समोरच्या खाटेवर एक काकू होत्या. उजवा वरचा कप्पा वाढलेला, पाय सुजलेले, ओठ निळसर. त्यांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती. पण चाळीस वर्षं बंद खोलीत चुलीपुढे बसून तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळल्या होत्या. गॅस घरात आलेला होता, पण तो पाहुणे आले की चहापुरता. धुरानं फुप्फुसं खराब होतात, फुप्फुसातल्या वाहिन्या आवळतात, त्यांच्यात रक्त ढकलताना उजवा खालचा कप्पा थकतो आणि त्याचा भार उजव्या वरच्यावर येतो. काकू म्हणाल्या, “चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर नाही येत व माय.” खरं आहे त्यांचं. पण आमच्या गावातल्या किती स्वयंपाकघरांना धुराडं आहे, हे मी आल्यावर डोळ्यांनी पाहिलं, आणि मला या गोष्टीचा राग येतो. भिंतीला वर एक झरोका पाडायला काही मोठा खर्च येत नाही.

आणि गडचिरोलीकडची एक पोरगी होती, विशीही न ओलांडलेली. तिला सिकलसेल. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत आहे, आदिवासी समाजांत आणि इतरांतही. रक्त कायम कमी असल्यामुळे शरीराला पुरेसा प्राणवायू द्यायला हृदयाला जास्त रक्त, जास्त वेगानं फिरवावं लागतं. असं लहानपणापासून चाललं की कप्पे मोठे होतात, वरचे आणि खालचेही. तिची आई दिवसभर तिचे पाय चेपत बसायची. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं आहे. लग्नाआधी दोघांनीही सिकलसेलची तपासणी करून घ्यावी हे मी आता गावातल्या प्रत्येक घरी सांगते, कोणाला आवडो न आवडो. माझीही ही तपासणी झाली. थायरॉईडचीही झाली, कारण थायरॉईड वाढला की ठोके बिघडतात आणि कप्पे ताणतात. जन्मापासून दोन वरच्या कप्प्यांच्या पडद्याला भोक असेल तर उजवी बाजू वाढते, म्हणून तेही पाहिलं. दारू, अति लठ्ठपणा, घोरताना श्वास अडकणं, हृदयाच्या स्नायूचे आजार, हीही कारणं असतात. झडप अरुंद नसून गळकी असेल, तरीही कप्पा वाढतो. आणि वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांचे कप्पे थोडे मोठे असू शकतात, त्यात आजार असेलच असं नाही. म्हणून नुसता आकडा वाचून घाबरू नये.

माझं उत्तर झडपेतच होतं. पण झडप कशानं खराब झाली? शिकाऊ डॉक्टर मॅडम रात्री निवांत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “लहानपणी कधी सांधे सुजले होते का? एकातून दुसऱ्यात फिरणारी सूज?” मला आठवेना. मी आईला फोन लावला आणि फोन मॅडमच्या हातात दिला. आई पलीकडून सांगत होती, “हो नं, चौथीत होती तवा. आधी गळा दुखला, ताप आला. मंग काही दिवसांनं गुडघे सुजले. ते उतरले त घोटे सुजले. तिले चालता येत नोहतं, मी खांद्यावर घेऊन फिरत होती. वैदानं लेप देल्ला, मंग झाली बरी. पण बाई, तिचे पाय त आता चांगले हायेत.”

मॅडमनी फोन ठेवला आणि मला सगळं नीट सांगितलं. घशाचा एक संसर्ग असतो, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये, दाटीवाटीच्या घरांत तो सहज पसरतो. बहुतेक मुलं बरी होतात. काहींच्या शरीराची जंतूशी लढणारी ताकद मात्र दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. त्याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे पूर्ण बरे होतात, मागे काहीच ठेवत नाहीत. म्हणूनच घरचे निश्चिंत होतात. हृदयाच्या झडपेला मात्र इजा होऊन बसते. ती हळूहळू जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात, आणि दहा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, दम लागायला लागतो. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं या आजाराविरुद्ध ठराव केला, इतका तो गरीब देशांत अजून आहे. आणि त्याला अडवणारं औषध म्हणजे साधं, स्वस्त पेनिसिलिन. आईला मी हे बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती खूप रडली. तिचा काय दोष? त्या वेळी आमच्या गावातून तालुक्याला दिवसातून एकच एसटी जायची.

झडपेवरचा उपाय फुग्याचा. जपानच्या कांजी इनोऊ यांनी तो काढला आणि १९८४ साली जगासमोर मांडला. छाती उघडावी लागत नाही. पण त्याआधी झडप त्या लायक आहे का हे पाहतात. तिची जाडी, लवचिकपणा, चुना किती साचला आहे, यांना गुण देतात आणि गुण ८ किंवा त्याहून कमी असले तर फुगा चांगला काम करतो. माझे गुण ठीक आले. मग घशातून नळी घालून आणखी एक इको केला. तो सोपा नाही. घसा बधिर करतात, तरी उमासे येतातच. श्वास नाकानं घेत राहायचं, एवढं सिस्टरांनी सांगितलेलं मी धरून ठेवलं. त्यात डाव्या वरच्या कप्प्याला कानासारखा जो छोटा खिसा असतो त्यात रक्ताची गुठळी दिसली. ताणलेल्या कप्प्याची विजेची लय बिघडते, तो आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो आणि रक्त त्या खिशात साचून गोठतं. ही गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. गुठळी असताना फुगा घालता येत नाही. आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग पुन्हा तपासणी.

ते काही महिने फार कठीण गेले. गोळीचा डोस ठरवायला पीटी-आयएनआर नावाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आकडा २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. आमच्या तालुक्यात ही तपासणी होत नव्हती, दर वेळी वर्धेला जावं लागे. पालेभाज्यांबद्दल गावात उलटसुलट ऐकलं. कोणी म्हणे सगळ्या बंद कर. डॉक्टरांनी सांगितलं, बंद करू नका, पण रोज सारख्याच प्रमाणात खा. एक आठवडा काहीच नाही आणि पावसाळ्यात तरोट्याची भाजी निघाली की रोज ताट भरून, असं करू नका. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घ्यायची नाही, हे तर त्यांनी चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं. निंदणाच्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी त्या गोळ्या चघळल्या जातात, आणि या औषधासोबत त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या पुतण्यानं मोबाईलवर वाचून विचारलं की ज्यांना रक्ततपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या का देत नाही. हृदयाचे डॉक्टर सर म्हणाले, संधिवाताच्या तापानं अरुंद झालेल्या झडपेत जुनी गोळीच बरी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातले रुग्णही होते, जुन्या गोळीवर असलेले लोक जास्त वाचले.

याच काळात योजनेचे कागद करायचे होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो. रेशन कार्डावर माझं नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आमचे हे फिरत राहिले, त्यांची सोयाबीनची मळणी तशीच पडली. ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांनी नावं आधीच जुळवून घ्यावीत. दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं मात्र शेवटपर्यंत साथ दिली, मंजुरी आल्याचा फोनही त्यानंच केला.

दुसऱ्या तपासणीत गुठळी विरघळलेली होती. फुगा नागपूरला झाला. मी पूर्ण शुद्धीत होते, फक्त जांघ बधिर केली होती. तिथल्या शिरेतून तार वर हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात नेतात. मग दोन वरच्या कप्प्यांमधल्या पातळ पडद्याला सुईनं बारीक भोक पाडून डाव्यात शिरतात. ते भोक पुढे बहुतेक वेळा आपोआप बुजतं. दुमडलेला फुगा झडपेच्या तोंडात नेऊन क्षणभर फुगवतात. मला समोरचा पडदा दिसत होता. फुगा आधी मधोमध आवळलेला होता, कमरेला दोरी बांधल्यासारखा. सर म्हणाले, “आता थोडं घाबरल्यासारखं होईल, श्वास धरू नका.” खरंच छातीत एकदम पोकळी पडली, डोळ्यांपुढे अंधार आला, आणि तेवढ्यात ती आवळलेली जागा सुटली. चिकटलेल्या कडा वेगळ्या झाल्या होत्या. डाव्या वरच्या कप्प्यातला दाब आधी २४ होता, फुग्यानंतर ११ झाला. सरांनी आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा तिथल्या टेक्निशियन दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या रात्री मी सपाट झोपले, एका उशीवर.

झडप आता १.८ उघडते. कप्प्यांचं मात्र तसं नाही, ते लगेच आटत नाहीत. सहा महिन्यांनंतरच्या इकोत डावा वरचा कप्पा ५.४ वरून ५.० वर आला आहे. इतकी वर्षं ताणलेल्या भिंतीत घट्ट धागे तयार झालेले असतात, त्यामुळे तो पूर्वीच्या मापाला येईलच असं नाही, हे मला स्पष्ट सांगितलं आहे. ठोके अजून अनियमित आहेत. म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालूच राहणार आणि ठोक्यांचा वेग आवरणारी गोळीही. पुन्हा तो ताप येऊ नये म्हणून पेनिसिलिनही आहे. ते इतरांना दर २१ दिवसांनी कमरेत टोचतात, पण रक्त पातळ असताना स्नायूत रक्त साकळू शकतं, म्हणून मला दिवसातून दोन वेळा गोळ्या दिल्या आहेत. आवाज बऱ्यापैकी परत आला. वरची पट्टी लागत नाही, पण लेकरांना गोष्ट शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

कामावर परतल्यावर माझी नजर बदलली. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा मोठा भाऊ, तिसरीतला, लंगडत तिला सोडायला आला. मी त्याला बसवून गुडघा पाहिला, गरम आणि सुजलेला. आईला विचारलं तर म्हणाली, “गेल्या हप्त्यात मनगट सुजलं होतं ताई, ते त आपसूक बरं झालं.” गळा दुखला होता का? दुखला होता. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना घेऊन सेवाग्रामला गेले. रक्ताच्या तपासणीत जंतूचा मागमूस निघाला आणि इकोत झडपेची किंचित गळती दिसली. कप्पे अगदी मापात होते. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकलं नाही तर ही गळती भरून येऊ शकते.

त्याचं वजन २७ किलोपेक्षा कमी आहे म्हणून ६ लाख युनिट, पुढे वजन वाढलं की १२ लाख. झडपेला लागलं आहे म्हणून निदान दहा वर्षं आणि वयाच्या पंचविशीपर्यंत. हृदयाला अजिबात इजा नसती तर ५ वर्षं किंवा १८ वर्षांचा होईपर्यंत, यातलं जे उशिरा येईल ते. त्याच्या आईचे डोळे विस्फारले. “एवढे वर्षं सुया? अन् कापूस वेचाचे दिवस आले त कोन नेईन त्याले?” तिची अडचण खरी होती. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन द्यायला आधी नाही म्हणाले, कारण पेनिसिलिनची रिअॅक्शन आली तर काय ही भीती सगळीकडे आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी पत्र दिलं, आधी चाचणीचा डोस कसा द्यायचा, रिअॅक्शनवरचं औषध जवळ ठेवून नंतर अर्धा तास मुलाला कसं बसवून ठेवायचं, हे त्यात लिहून दिलं. आता केंद्रातल्या सिस्टर देतात. वेचणीच्या दिवसांत आशाताई त्याला गाडीवर नेतील आणि त्या नसल्या तर मी, असं आम्ही त्याच्या आईला कबूल केलं आहे. पुढची तारीख सोमवारची आहे, आणि सोमवारी आमच्याकडे बाजार असतो, म्हणून सकाळीच निघायचं ठरलं आहे.